आधी चिलखत, मग गेट: वेल्डिंग शिकणाऱ्यांसाठी एक उलटा सल्ला



"सर, वेल्डिंगचा धंदा टाकायचा आहे, सुरुवात कशापासून करू?" हा प्रश्न मला सारखा येतो. बाजारातलं ठरलेलं उत्तर तुम्हाला माहीत आहे. आधी अँगलचं स्टँड कर, मग खिडकीची ग्रिल, मग गेट. चुकीचं नाही ते. पण माझं मत वेगळं आहे. ज्याच्या हाताशी सहा महिने आहेत, घरी अंगण किंवा गच्ची आहे आणि ज्याने अजून कुठल्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स घेतलेला नाही, त्याने पहिलं मोठं काम म्हणून स्वतःच्या अंगावर चढेल असं चिलखत करावं.

हो, चिलखतच. पत्र्याचं, पट्ट्यांचं, खरंखुरं घालता येईल असं.

आता दुसरं मत लगेच सांगून टाकतो, कारण पहिलं ऐकून दोन-चार जण उद्याच नोकरीचा राजीनामा देतील. त्या चिलखताचा धंदा काढू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. कर्ज काढून तर अजिबात नाही.

ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटेल. पण शिकायची वस्तू आणि विकायची वस्तू एकच असली पाहिजे, असं कोणी सांगितलं? हा घोळ डोक्यातून निघाला, तर तुमचं एक वर्ष आणि घरच्यांची साठवलेली रक्कम दोन्ही वाचतील. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

गेट तक्रार करत नाही, अंग करतं

गेटमध्ये पाच मिलिमीटरचा फरक पडला तर काय होतं? बिजागरी सरकवता, पुट्टी भरता, वरून रेड ऑक्साइड आणि काळा रंग मारता, झालं. गिऱ्हाईक लांबून बघतं आणि पैसे देतं. तुमचा हात मात्र तिथेच राहतो.

तोच पाच मिलिमीटरचा फरक काखेत पडला तर दहा मिनिटांत कातडी सोलते. धार नीट घासली नाही तर हात वर करताच दंडाला चीर जाते. पट्ट्याची कडी एका बाजूला खाली लागली तर सगळं वजन एकाच खांद्यावर येतं. चिलखत खोटं बोलू देत नाही. ते घालून जिना चढा, खाली वाका, खुर्चीवर बसा. चूक कुठे आहे ते तुमचं अंगच सांगेल, उस्तादाची गरज नाही.

दुसरी गोष्ट, पातळ पत्रा. अँगल आणि चौकोनी पाइपवर नवशिक्याचं वेल्डिंग खपून जातं, कारण माल जाड असतो. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्यावर करंट जरा जास्त झाला की भोक पडतं, हात जरा हळू चालला की पत्रा पीळ खातो. ज्याला पातळ पत्रा जमला त्याला जाड माल जमतोच. उलटं होत नाही.

आणि आपल्या नागपुरात पातळ पत्रा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला हवं का? कूलर! पारा पंचेचाळिशीच्या वर जाणारं हे शहर. फेब्रुवारी संपला की गल्लोगल्ली कूलरच्या बॉड्या, टाक्या आणि स्टँड यांची ठोकाठोक सुरू होते. पत्रा मोजून कापणं, काठ दुमडणं, कोपरा काटकोनात आणणं, गळती न होऊ देणं, हे सगळं पातळ पत्र्याचंच काम. चिलखत करताना जे हात तयार होतात त्यांना इथे रोजगार आहे.

हा परदेशी शौक नाही

काहींना वाटेल की हे सिनेमातल्या आयर्न मॅनचं खूळ. तसं नाही. धातू अंगावर चढवायची विद्या आपल्या मातीत फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं. तिथल्या महापाषाणकालीन शिळावर्तुळांत माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले आणि त्या घोड्यांच्या तोंडावर घालायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला लोखंड गाळायच्या भट्टीचे अवशेष निघाले. म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी याच भागात कोणीतरी लोखंड गाळत होता आणि दुसरा कोणीतरी घोड्याच्या तोंडाचं माप घेऊन पत्रा ठोकत होता.

प्रतापगडाची गोष्ट तर लहान मुलालाही पाठ असते. १० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, डोक्याला शिरस्त्राण. आपण त्या गोष्टीतलं शौर्य बघतो, बघायलाच हवं. पण कारागिराच्या डोळ्याने एकदा बघा. ते चिलखत कपड्याखाली होतं आणि ते घालून हालचाल करता येत होती. म्हणजे ते मापाचं होतं. बनवणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही, पण त्याचं काम त्या दिवशी अंगाला बरोबर बसलेलं होतं.

मग कोणतं चिलखत करायचं?

इथे बहुतेक जण घसरतात. पहिल्याच दिवशी इंटरनेटवरचं युरोपियन सरदाराचं डोक्यापासून पायापर्यंतचं चिलखत डोळ्यासमोर आणतात. त्याचा हिशेब आधी करून बघा. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. माणसाच्या शरीराचं क्षेत्रफळ साधारण पावणेदोन चौरस मीटर. सगळं अंग १.२ मिलिमीटर पत्र्याने झाकायचं तर साडेसोळा किलो नुसता पत्रा, वर जोड, बिजागऱ्या आणि एकावर एक येणारे भाग धरून वीस किलोच्या आसपास. आणि ढोपर, कोपर, बोटं यांचे सांधे वेगळेच. नवशिक्याने तिथे जाऊ नये.

कड्यांचं जाळीदार चिलखतही पहिल्यांदा नको. त्यात कड्या हजारोंनी लागतात, महिने जातात आणि वेल्डिंग जवळपास शिकायलाच मिळत नाही.

माझा सल्ला: चारआईना करा. हा शब्द फारसीतून आलेला आहे, अर्थ चार आरसे. चार पत्रे: एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन बगलेखाली दोन्ही बाजूंना. बगलेच्या पत्र्यांना वरून अर्धगोल कापलेलं, म्हणजे हात मोकळा फिरतो. चारही पत्रे चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बकलांनी जोडलेले. पट्टे ढिले-घट्ट करता येतात, म्हणून तेच चिलखत तुमच्या धाकट्या भावालाही बसतं. जुन्या काळी हिंदुस्थानात आणि इराणात असे संच वापरात होते. अजब बंगल्याच्या संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. एकदा सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन जुन्या कारागिरांनी काठ कसे हाताळले, रिव्हेट कुठे मारले, वळण कसं दिलं ते बघून या. शिकवणीच आहे ती.

आता माप. छाती आणि पाठ ३० बाय २५ सेंटिमीटर, बगलेचे दोन पत्रे २५ बाय १८. चारही मिळून ०.२४ चौरस मीटर. १.६ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या भाषेत १६ गेजचा पत्रा घेतला तर वजन भरतं तीन किलो. काठाला पाच मिलिमीटरची गोल सळी फिरवायची, ती साधारण चार मीटर लागते, तिचे सहाशे ग्रॅम. कड्या, बकल, पट्टे धरून चार-साडेचार किलो. एवढं कोणीही दोन तास घालू शकतो.

सळी कशासाठी? कापलेल्या पत्र्याचा उघडा काठ म्हणजे सुरी. गोल सळी लावली की काठ बोथट होतो आणि पत्र्याला ताठपणा येतो. आणि इथेच खरं वेल्डिंग आहे. चार मीटर काठावर दर पाच सेंटिमीटरला एक टाका धरला तरी ऐंशीच्या आसपास टाके होतात. सळी जाड, पत्रा पातळ. आर्क सळीकडे धरायचा आणि वितळलेला रस पत्र्यावर नुसता टेकू द्यायचा. हे एक तंत्र ऐंशी वेळा केल्यावर हातात बसतं. शिवाय एका बाजूने ओळीने टाके मारत गेलात तर पत्रा केळीच्या पानासारखा वाकतो. म्हणून एक टाका वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. उष्णतेने माल कसा ओढला जातो हे पुस्तकात वाचून कळत नाही. पहिला पत्रा वाकडा झाला की कळतं.

सहा महिन्यांचा क्रम

पहिला महिना चिलखताला हात लावायचा नाही. लोहा ओळीत किंवा जवळच्या भंगारवाल्याकडे तीन ते पाच मिलिमीटरच्या पट्टीचे तुकडे किलोवर मिळतात. त्यावर नुसत्या सरळ रेघा मारा. अडीच मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा रॉड, ६० ते ९० अँपिअर. रोज एक तास. स्लॅग झाडून बघा, रेघ सारख्या रुंदीची येते का. दोन तुकडे जोडून शेगड्यात धरा आणि हातोडीने मोडून बघा. जोड मोडला तर आतून वितळलंच नव्हतं असं समजा.

दुसऱ्या महिन्यात पातळ पत्रा आणि दोन मिलिमीटरचा रॉड, ४० ते ६० अँपिअर. भोकं पडणार. पडू द्या. पुठ्ठ्याचा फर्मा याच महिन्यात करून अंगावर बांधून बघा. पुठ्ठा फुकट असतो, पत्रा नसतो.

तिसरा आणि चौथा महिना चारआईना. पत्रा कापणं, लाकडाच्या ओंडक्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठोकून हलकं वळण देणं, काठ, कड्या, ग्राइंडिंग. बघा, या कामात वेल्डिंगचा वेळ कमी आणि ग्राइंडर व कानशीचा वेळ जास्त जातो. फॅब्रिकेशनच्या धंद्याचंही अगदी तसंच आहे.

पाचव्या महिन्यात तोच संच दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचा करा. या वेळी घड्याळ लावून. सहाव्या महिन्यात तिसरा. पहिल्याला किती तास लागले, तिसऱ्याला किती, हे वहीत लिहा. ही वही तुमच्या चिलखतापेक्षा महत्त्वाची आहे. पुढे कुठल्याही कामाचं कोटेशन देताना हीच कामाला येणार.

मशीनचं म्हणाल तर सिंगल फेजवर चालणारं साधं इन्व्हर्टर मशीन पुरे. पत्र्यासाठी सीओटू मशीन सोपं पडतं हे खरं. पण ते पहिल्या दिवशी घेऊ नका. हात तयार व्हायच्या आधी घेतलेलं महाग मशीन फक्त हप्ता शिकवतं.

आता कान देऊन ऐका: डोळे, फुप्फुसं, वीज

घरी शिकायचं म्हणालो म्हणजे बेफिकिरीने शिकायचं असं नाही. या भागात मी कुणाचंही "काही होत नाही ना भाऊ" ऐकणार नाही.

डोळे आधी. काळा गॉगल चालत नाही. पूर्ण तोंड झाकणारा हेल्मेट, दहा नंबरच्या काचेचा किंवा आपोआप काळा होणारा. आर्क लागला तर त्या वेळी काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. बटाट्याचे काप आणि गुलाबपाणी सोडा, डॉक्टरकडे जा. आणि घरातली लहान मुलं, शेजारची मुलं उत्सुकतेने बघायला येतात. त्यांच्यासाठी आडोसा लावा. त्यांच्या डोळ्यांना हेल्मेट नसतो.

दुसरं, धूर. कूलरचा जुना पत्रा फुकट मिळतो म्हणून त्यावर शिकायचा मोह होईल. तो गॅल्व्हनाइज्ड असतो, वर जस्ताचा थर. वेल्डिंग करताना त्यातून पांढरा धूर निघतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. कारखान्यांत सांगतात की दूध प्या, उतरतं. दुधाने फुप्फुसं धुतली जात नाहीत. शिकताना साधा काळा पत्रा घ्या, उघड्यावर काम करा, धुराच्या वरून तोंड बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे. हे वीस वर्षांचं काम आहे, सहा महिन्यांत शरीर उधळायचं नाही.

तिसरं, ड्रम. चिलखतासाठी तयार गोलाई हवी म्हणून ऑइलचा किंवा थिनरचा जुना ड्रम कापायला घेतात. रिकामा दिसतो, पण आत वाफ असते. बंद ड्रमला आर्क लावला तर तो बॉम्बसारखा फुटतो. ड्रमला हात लावायचाच नाही.

चौथं, वीज. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालू, खाली पाणी सांडलेलं, अंगावर घाम आणि हातात होल्डर. असं चित्र असेल तर मशीन बंद करा. कोरडी जागा, पायात बूट, हातात कोरडे चामड्याचे मोजे, अंगात सुती कपडे. टेरिकॉट आणि नायलॉन अंगाला चिकटतात. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अंगावर चढवलेल्या चिलखतावर कधीही वेल्डिंग नाही, "एकच टाका राहिलाय" म्हणूनसुद्धा नाही.

आणि चिलखताबरोबर तलवार करायची हौस आलीच, तर तिला धार आणि टोक ठेवू नका. शस्त्र कायद्याच्या भानगडीत शिकाऊ माणसाने पडू नये.

हिशेब: याचा धंदा का नको

आता पैशाचं बोलू. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही आजच्या बाजारभावाने मांडा.

समजा पत्रा आणि सळी धरून पाच किलो माल, ८० रुपये किलोने ४०० रुपये. रॉड आणि डिस्क ३००. पट्टे, बकल ५००. आतलं अस्तर, रंग, पॉलिश ४००. वीज आणि मशीनची झीज २००. झाले १,८००. तुमची मजुरी तासाला १०० धरा. पहिला संच ४० तासांत झाला तर ५,८०० रुपयांना पडला. तिसरा २० तासांत झाला तर ३,८०० रुपयांना.

आता हा संच तुम्ही दिवसाला ५०० रुपये भाड्याने दिला. ने-आण आणि सफाईचे १०० वजा जाता हातात ४००. म्हणजे दहा दिवस भाड्याने गेला की पैसे वसूल. ऐकायला किती छान! "सर, पाच संच करतो, वर्षात मालामाल."

थांबा. ते दहा दिवस कोणते?

१९ फेब्रुवारीला शिवजयंती. त्या दिवशी महालातल्या मिरवणुकीपासून कॉलनीच्या मंडळापर्यंत सगळ्यांना मावळे हवेत. तुमचे पाचही संच जातील. पण सगळ्यांना तो एकच दिवस हवा असतो. २० फेब्रुवारीला पाचही संच परत घरी, पलंगाखाली. तिथीची शिवजयंती आणि एखादं शाळेचं स्नेहसंमेलन धरा, म्हणजे वर्षातून असे तीन दिवस. ६ जूनला राज्याभिषेक दिन असतो, पण जूनच्या सुरुवातीला नागपुरात लोखंड अंगावर घालून मिरवणुकीत चालायला कोण तयार होतो ते मला दाखवा. पाच संचांत गुंतले १९,०००. वर्षाला मिळाले ५ गुणिले ४०० गुणिले ३, म्हणजे ६,०००. वसुलीलाच तीन वर्षांहून जास्त. तोवर गंज लागतो तो वेगळा.

"मग नाटकवाल्यांना विकू." झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, वडशाच्या कंपन्यांचे प्रयोग रात्र रात्र चालतात, ऐतिहासिक नाटकंही होतात. पण नटाच्या जागी उभं राहून विचार करा. रात्रभर संवाद म्हणायचे, लढाई करायची, गाणं म्हणायचं. त्याला रेक्झिनचं किंवा फोमचं, चंदेरी रंग मारलेलं हलकं चिलखतच हवं. ते स्वस्त आहे आणि मंचावरून सारखंच दिसतं. ड्रेपरीवाला मूर्ख नाही.

"पण लोकांना इतिहासाची किती आवड आहे!" आहेच. २०२५ साली नागपूरकर भोसले घराण्याच्या रघुजी राजांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना घेतली. छाती फुगली आपली. पण ती किंमत अस्सल वस्तूची आहे, तिच्या इतिहासाची आहे. नकलेला नकलेचाच भाव मिळतो, हे धंद्यात पक्कं ध्यानात ठेवा.

बातमी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातले भाग जमवून, साठेक हजार रुपये खर्चून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर केला. ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्यांनी लिहिलं. मग जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती गाडी दिली आणि बदल्यात नवी बोलेरो घेतली. त्याच २०२१ सालात मणिपूरच्या प्रेम नावाच्या तरुणाने भंगारातल्या वस्तूंतून आयर्न मॅनचा सूट केला. तोही महिंद्रांच्या नजरेत आला आणि त्याला हैदराबादच्या महिंद्रा विद्यापीठात शिकायची संधी मिळाली.

दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. पण आपले उद्योजक मित्र त्यातून काय शिकतात? "एक भन्नाट वस्तू करायची, व्हिडिओ टाकायचा, कोणीतरी मोठा माणूस बघेल." ही लॉटरी झाली. मी त्यातून दुसरंच शिकतो. लोहारांनी तशा दहा गाड्या करून विकल्या नाहीत, विकताही आल्या नसत्या. प्रेमने सूटचं दुकान काढलं नाही. त्या वस्तूने एवढंच दाखवलं की या माणसाचे हात काय करू शकतात. दार त्या हातांसाठी उघडलं.

तुमच्या चिलखताचाही उपयोग तेवढाच आणि तसाच करा. एखाद्या वर्कशॉपमध्ये कामाला गेलात तर प्रमाणपत्राबरोबर तो छातीचा पत्रा दाखवा. जाणकार मालक काठावरून हात फिरवेल, मागून टाके बघेल आणि दोन मिनिटांत ओळखेल. स्वतःचं दुकान टाकलंत तर दर्शनी भागात टांगा. गिऱ्हाईक थांबेल, विचारेल आणि ग्रिलची ऑर्डर देऊन जाईल.

मग पैसा कुठून येणार?

रोजच्या कामातून. मार्च ते मे कूलरचे स्टँड आणि बॉड्या. गणपती-नवरात्राच्या आधी चितार ओळीतल्या मूर्तिकारांना आणि मंडळांना लोखंडी सांगाडे लागतात. लग्नसराईत डेकोरेशनवाल्यांना फ्रेम लागतात. खाऊच्या गाड्या, दुकानांचे रॅक, कुंड्यांचे स्टँड. समजा एका कूलर स्टँडला माल ७०० रुपयांचा, वेळ तीन तास आणि किंमत १,२०० मिळाली. तासाला १६० रुपयांच्या वर पडले, वस्तू गेली, पैसे आले, पलंगाखाली काही उरलं नाही.

ऑर्डर घ्यायला लागलात की मात्र घरच्या मीटरवर काम चालवू नका. घरगुती जोडणीवर धंदा करणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो आणि दुप्पट दराने वसुली होऊ शकते. योग्य जोडणी घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही विचारणा होते. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहेच, पण शस्त्रं-चिलखतं घडवणारा कारागीरही आहे. प्रशिक्षण काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. पण ही योजना आधीपासून हाताने ते काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. कालपर्यंत मोबाइल दुकानात असणाऱ्याने आज चिलखतकार म्हणून अर्ज करायचा, यासाठी नाही. आणि योजना बघून धंदा निवडायचा नसतो. धंदा आधी, योजना नंतर.

"पण सर, उस्ताद तर वेगळं सांगतात"

सांगणारच, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. त्यांचं म्हणणं असं की नवशिक्याने पहिल्या दिवसापासून विकेल तेच करावं. ज्याच्या घरी चूल त्याच्या मजुरीवर पेटते, त्याच्यासाठी हेच बरोबर आहे. त्याने सहा महिने चिलखतात घालवू नयेत. सरळ एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये हेल्पर लागावं आणि रोजी घेत शिकावं. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो. ज्याला ते शक्य आहे त्याने ते जरूर करावं, कागदही मिळतो आणि शिस्तही लागते. चिलखत त्याच्या रविवारी होईल.

माझा सल्ला आहे तो मधल्या मुलांसाठी. ज्यांच्याकडे थोडा वेळ आहे, वडिलांनी पीएफमधून थोडे पैसे काढून द्यायची तयारी दाखवली आहे आणि जे सरळ शेड भाड्याने घेऊन, मोठं मशीन हप्त्यावर उचलून, "फॅब्रिकेशन वर्क्स"चा बोर्ड लावायला निघाले आहेत. त्यांना मी म्हणतो, थांबा. आधी पाच-सहा हजारांच्या मालात आणि साध्या मशीनवर तीन चिलखतं करा. तिसरं घालून तुम्हाला तासभर कुठेही टोचलं नाही, तर शेड बघायला जा. आणि पहिल्याच पत्र्यानंतर लक्षात आलं की उष्णता, धूर, ग्राइंडरचा आवाज, भाजलेले हात हे सगळं आपल्याच्याने व्हायचं नाही, तरीही तुम्ही जिंकलात. वडिलांचे पीएफचे पैसे शाबूत राहिले.

या आठवड्यात करायचं काम एकच. पुठ्ठा घ्या, चारआईन्याचे चार तुकडे कापा, सुतळीने अंगावर बांधा आणि घरात अर्धा तास वावरा. जेवायला बसा, बाळाला उचला, चप्पल घाला. कुठे अडतं तिथे पेनाने खूण करा. मशीन त्यानंतर.